पेशींची रातपाळी

मूल आजारी पडलं की घरात एकाच दिवसाचे दोन दिवस होतात. सकाळी आई कपाळाला हात लावते आणि म्हणते, ‘‘उतरला बाई एकदाचा.’’ पोरगं उशीला टेकून बसतं, चहात बुडवून बिस्कीट खातं, शाळा बुडाल्याच्या आनंदात असतं. दिवेलागणीला तेच पोरगं भिंतीकडे तोंड करून पडलेलं असतं; कान लाल, डोळे पाणावलेले, थर्मामीटरचा पारा १०२ वर. ‘‘सकाळी तर चांगला खेळत होता!’’ हे वाक्य प्रत्येक घरात, प्रत्येक तापात, दर वेळी नव्या आश्चर्यानं उच्चारलं जातं. मग दुपारी काय घडलं याची चौकशी बसते. माझ्या लहानपणी या चौकशीत हमखास पेरू दोषी ठरायचा.

पेरूवर अन्याय झाला. निरोगी माणसाच्या अंगाचं तापमानही दिवसभर एकसारखं राहत नाही. पहाटे चार ते सहाच्या सुमारास ते सगळ्यांत खाली असतं, मग हळूहळू चढतं आणि दुपारी चार ते सहाच्या दरम्यान सगळ्यांत वर पोचतं. ९८.६ हा आकडा आपण शाळेत पाठ केला, तो कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरनं १८६८ साली छापलेल्या ग्रंथामुळे रूढ झाला. अमेरिकेतल्या मेरिलँडमध्ये १४८ निरोगी माणसांची तापमानं दिवसातून अनेकदा मोजली गेली आणि १९९२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरासरी निघाली ९८.२. पण आपल्या कामाचा आकडा दुसराच आहे. निरोगी माणसाची वरची मर्यादा सकाळी सहाला ९८.९ होती आणि दुपारी चारला ९९.९. म्हणजे ९९.५ हा पहाटे ताप ठरतो. तोच आकडा दुपारी चार वाजता ताप नसतो. थर्मामीटर वाचताना घड्याळही वाचायला हवं, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आता यावर आजार चढवा. जंतूशी गाठ पडलेल्या पांढऱ्या पेशी रक्तात रासायनिक निरोप सोडतात. ते मेंदूपर्यंत पोचले की मेंदू अंगाची उष्णता वाढवायचा हुकूम देतो. आपण त्याला ताप म्हणतो. हे निरोप दाबून धरणारं एक संप्रेरक म्हणजे कॉर्टिसॉल, आणि त्याची वेळ ठरलेली आहे. उत्तररात्री ते वाढू लागतं, जाग येण्याच्या सुमारास कळस गाठतं, दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला टेकतं. सकाळी पोरगं बिस्कीट मागतं तेव्हा आजार गेलेला नसतो, त्याच्यावर झाकण पडलेलं असतं. संध्याकाळी झाकण सैल होतं, त्याच वेळी तापमानाची रोजची भरतीही आलेली असते, आणि दोन्ही मिळून पारा वर ढकलतात.

ज्यांनी गिरणगाव पाहिलं आहे त्यांना गिरण्यांचा भोंगा आठवेल. घराघरात घड्याळं होती, कुणाचं पाच मिनिटं पुढं, कुणाचं मागं. पण भोंगा झाला की सगळ्यांचे काटे जुळायचे. पहिली पाळी आत, रातपाळी बाहेर, आणि चाळीतल्या बायका त्यावर डाळ चढवायच्या. शरीरात अगदी हीच व्यवस्था आहे. भोंगा वाजतो मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर वर. तिथं सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. डोळ्यांतून येणारा उजेड त्याला दिवसाची खबर देतो आणि तो कॉर्टिसॉल, तापमान, झोप यांच्या मार्फत ती अंगभर पोचवतो.

आणि घराघरातली घड्याळं? तीही आहेत. जवळजवळ प्रत्येक पेशीत काही जनुकं अशी आहेत की ती स्वतःलाच बंद पाडणारी प्रथिनं तयार करतात. प्रथिनं साचली की जनुक गप्प होतं. प्रथिनं विरघळली की पुन्हा बोलू लागतं. या एका फेरीला साधारण २४ तास लागतात. फळमाश्यांमध्ये ही यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. त्याआधी, २००९ मध्ये, बर्लिनच्या संशोधकांनी उंदरांच्या शरीरातून मॅक्रोफेज काढले. मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी. काचेच्या भांड्यात, भोंग्यापासून तोडलेल्या असतानाही त्या वेळ पाळत राहिल्या. त्यांच्यातली ८ टक्क्यांहून जास्त जनुकं घड्याळाबरोबर वरखाली होत होती, आणि जिवाणूच्या विषाला त्या किती जोरानं उत्तर देणार तेही वेळेवर ठरत होतं. गिरणी बंद पडली तरी कामगार पहाटे पाचला उठतोच, तसं.

शरीराच्या घड्याळाच्या या शास्त्राच्या नावाचा उगमही रोगप्रतिकारशक्तीच्या पेशींतच आहे, हे मला फार आवडतं. फ्रान्झ हालबर्ग हे मिनेसोटा विद्यापीठात उंदरांच्या रक्तातल्या इओसिनोफिल पेशी मोजत होते. आकडे जुळेनात. मोजायची वेळ बदलली की निष्कर्षही बदलायचा, कधी अगदी उलटा व्हायचा. दुसऱ्या कुणी ‘मोजणीतली चूक’ म्हणून वही मिटली असती. हालबर्गनी चुकीचीच वही उघडली. ‘सुमारे’ आणि ‘दिवस’ या अर्थांचे दोन लॅटिन शब्द जोडून त्यांनी १९५९ मध्ये ‘सर्केडियन’ हा शब्द घडवला. त्यातलं ‘सुमारे’ महत्त्वाचं आहे, कारण शरीराचं घड्याळ बरोबर २४ तासांचं नाही. उजेडानं रोज त्याला चावी द्यावी लागते.

पुढच्याच वर्षी त्यांच्या गटानं एक क्रूर पण डोळे उघडणारा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या गटांना एकाच जिवाणूच्या आवरणातलं विष, सारख्याच मात्रेत, दिवसाच्या निरनिराळ्या वेळी टोचलं. एका वेळी टोचलेल्यांपैकी बहुतेक मेले, दुसऱ्या वेळी टोचलेल्यांपैकी बहुतेक जगले. विष तेच, उंदीर तेच.

इथं थोडं थांबलं पाहिजे, कारण या प्रयोगात जिवंत जिवाणू नव्हतेच. वाढणारं, पसरणारं काही टोचलं नव्हतं. उंदीर मेले ते स्वतःच्या प्रतिकाराच्या भडक्यानं. गेल्या काही वर्षांत औषधाच्या दुकानापासून किराणा दुकानापर्यंत ‘इम्युनिटी वाढवा’ अशी पाटी नसलेली बरणी शोधावी लागते. जणू ती पगारासारखी, जितकी वाढेल तितकी चांगली. प्रत्यक्षात सूज, ताप, अंगदुखी, शिंका हे बरेचसे आपल्याच फौजेचे उपद्व्याप असतात. चोवीस तास सज्ज असलेली फौज गावाला परवडत नाही. ती गावच जाळते. म्हणून शरीरानं पाळ्या लावल्या आहेत.

पाळ्या कशा, ते पाहा. ज्या लिम्फोसाइट पेशींची अजून कुठल्या जंतूशी ओळख झालेली नाही, त्या माणसाच्या रक्तात सगळ्यांत जास्त दिसतात रात्री, आपण झोपलेले असताना. सकाळी कॉर्टिसॉल वाढलं की त्या रक्तातून निघून जातात. मेलेल्या नसतात, मुक्काम हलवलेला असतो. उलट थेट हल्ला करणाऱ्या काही पेशी दिवसा, ॲड्रेनलिनच्या तालावर, रक्तात उतरतात. दिवसा जखम व्हायची, काटा रुतायचा, खोकणारा माणूस शेजारी बसायचा. तेव्हा हाणामारीवाले रस्त्यावर हवेत. रात्री निवांतपणे ओळखपरेड. आपल्या सीबीसीच्या कागदावर लिम्फोसाइटचा जो आकडा छापलेला असतो तो सकाळी आठचा आहे की रात्री अकराचा, यानं त्यात फरक पडतो.

रात्रीची बाजू मी फार जवळून पाहिली आहे. आजीला दमा होता. दिवसा ती अंगण झाडायची, पापड लाटायची, शेजारणीशी भांडायची. पहाटे तीन-साडेतीनला मात्र स्वयंपाकघरातला दिवा लागलेला असायचा. पाटावर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर ओढून ती श्वास घेत असायची. घशातून येणारी ती शिट्टी अजून कानात आहे. ‘‘आजी, खिडकी उघडू?’’ असं विचारलं की बोलण्याइतकाही श्वास नसल्यानं ती नुसता हात हलवायची. सहा-सात वाजता सगळं ओसरायचं. नातेवाईक म्हणायचे, गार हवेनं होतं. काही म्हणायचे, काळजीनं.

जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्यालाही दमा होता. १६९८ साली त्यानं दम्यावर पुस्तक लिहिलं आणि झटके रात्रीच येतात हे स्वतःच्या छातीवरून नोंदवून ठेवलं. कारण कळायला पुढं तीन शतकं गेली. रात्री कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन दोन्ही खाली असतात, श्वासनलिका जराशा आवळतात, आणि रात्री दमा उसळणाऱ्या माणसांच्या फुप्फुसात पहाटे चारच्या सुमारास इओसिनोफिल जमा झालेले सापडतात. पण मग दोष झोपेचा, आडवं पडण्याचा की घड्याळाचा? हे वेगळं काढायला २०२१ मध्ये अमेरिकेत १७ दमेकऱ्यांना मंद उजेडात ठेवून त्यांची झोप, जेवण, हालचाल घड्याळापासून तोडली. तरीही रात्रीच्या वेळी फुप्फुसं ढिली पडलीच. वर झोपेचाही थोडा भार होता. आजीची खिडकी उघडून फारसं काही होणार नव्हतं.

मावशीचं दुखणं दुसरं. संधिवातानं तिची बोटं सकाळी अशी आखडतात की पिठाच्या डब्याचं झाकण निघत नाही. नळ सोडायलाही मनगट लावते. दहा वाजले की तीच मावशी कणीक मळते, आणि घरातले तरुण चेष्टा करतात, ‘‘काम संपलं की बरी होते!’’ चेष्टा चुकीची आहे. या आजारात सूज भडकवणारं इंटरल्यूकिन-६ हे रसायन उत्तररात्री आणि पहाटे रक्तात शिखर गाठतं, आणि ते विझवायला कॉर्टिसॉल पुरेसं पडत नाही. सकाळी आठला घेतलेली स्टेरॉइडची गोळी म्हणजे आग लागून गेल्यावर पोचलेला बंब. यावरून एक गोळी तयार झाली: रात्री दहाला घ्यायची, आणि तिचं आवरण पोटात साधारण दोनच्या सुमारास उघडणार. २००८ साली २८८ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. औषध तेच, मात्रा तीच, पण वेळ बदलल्यावर सकाळचं आखडणं पंचमांशाहून थोडं जास्तच कमी झालं. नेहमीच्या गोळीवर ते जवळपास होतं तिथंच राहिलं. हे वाचून कुणी आपली साधी गोळी परस्पर रात्री घ्यायला लागू नये. साधी गोळी दहाला घेतली तर ती दहालाच उघडते, शिवाय झोप उडवते.

वेळेचा हा हिशेब जखमेलाही लागू आहे, हे मला पटायला वेळ लागला. इंग्लंड-वेल्समधल्या भाजलेल्या ११८ रुग्णांच्या नोंदी केंब्रिजच्या संशोधकांनी तपासल्या. दिवसा भाजलेल्यांच्या जखमा सरासरी १७ दिवसांत भरत आल्या, रात्री भाजलेल्यांच्या २८ दिवसांत. २०१७ मध्ये त्यांनी कारणही दाखवलं: जखमेकडे धावून जाणाऱ्या त्वचेखालच्या पेशींचं अंतर्गत घड्याळ त्यांचा सांगाडा दिवसा चपळ ठेवतं, रात्री सुस्त. रात्री भाजणारी माणसं वेगळी असतील, उशिरा दवाखान्यात पोचली असतील, या शंका उरतातच. पण भांड्यात वाढवलेल्या पेशींना दवाखान्याचं अंतर ठाऊक नसतं, आणि त्याही तशाच वागल्या.

मग लस सकाळी घ्यावी का? हा प्रश्न मला व्याख्यानांनंतर सगळ्यांत जास्त विचारला जातो. बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी ६५ वर्षांवरच्या २७६ जणांना फ्लूची लस काहींना सकाळी नऊ ते अकरात आणि काहींना दुपारी तीन ते पाचात दिली. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. लशीतल्या तीनपैकी दोन प्रकारच्या विषाणूंविरुद्ध सकाळवाल्यांची प्रतिपिंडं जास्त वाढली. कोविडच्या लशींबाबत मात्र काही अभ्यास सकाळच्या बाजूनं, काही दुपारच्या, काही कुठल्याच नाही. शिवाय जास्त प्रतिपिंडं म्हणजे कमी आजार, हे गणित इतकं सरळ नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे: दवाखाना उघडा असेल आणि लस शिल्लक असेल ती वेळ उत्तम.

त्यापेक्षा मी विचारेन, त्या रात्री झोपणार का? जर्मनीत ल्यूबेक इथं १९ तरुणांना सकाळी हेपॅटायटिस-एची लस दिली. निम्मे त्या रात्री झोपले, निम्म्यांना जागं ठेवलं. चार आठवड्यांनी झोपलेल्यांची प्रतिपिंडं जवळजवळ दुप्पट होती, आणि जागरण तर एकाच रात्रीचं होतं. पिट्सबर्गला १५३ जणांच्या नाकात सर्दीचे विषाणू मुद्दाम सोडून २००९ साली दिसलं की सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता, आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या मानानं, सुमारे तिप्पट होती. झोप आणि घड्याळ एकच नव्हेत, पण रात्रीची जी ओळखपरेड वर सांगितली ती गाढ झोपेत नीट पार पडते, आणि आपण ती वेळ मोबाइलला देऊन टाकतो.

ज्यांना झोपायची मुभाच नाही त्यांचं काय? वॉर्डातल्या परिचारिका, हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेनं बसणारी पोरं, टोलनाक्यावरचा माणूस. रातपाळीची गोम अशी की उजेड मेंदूच्या भोंग्याला एक वेळ सांगतो आणि रात्री दोनचा वडापाव यकृताच्या घड्याळाला दुसरीच. उंदरांना फक्त त्यांच्या झोपेच्या वेळी खायला दिलं तर यकृताचे काटे फिरतात, मेंदूचे जागेवर राहतात, हे २००० सालापासून माहीत आहे. आठवड्याला पाळी बदलणाऱ्या माणसात या गोंधळाला स्थिर व्हायला सवडच मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं २००७ मध्ये शरीराचं घड्याळ बिघडवणारी रातपाळी ‘बहुधा कर्ककारक’ या यादीत टाकली आणि २०१९ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. वेतनपत्रकात नाइट अलाउन्सची रक्कम ठरवणाऱ्यांनी ही यादी पाहिली असेल असं वाटत नाही.

शरीराच्या या वेळापत्रकाचा सगळ्यांत पक्का अभ्यास मात्र आपण केलेला नाही. तो केला आहे कृमींनी.

हत्तीरोगाचा जंत माणसाच्या लसीकावाहिन्यांत, म्हणजे प्रतिकाराच्या ऐन हमरस्त्यावर, वर्षानुवर्षं बिनबोभाट राहतो. त्याची पिल्लं, मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत दबून बसतात. रात्री आठ-नऊनंतर ती हातापायांच्या रक्तात उतरू लागतात आणि दहा ते दोनच्या दरम्यान त्यांची गर्दी होते. कारण घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास चावतो तो रात्री. पिल्लांना त्याच्या पोटात जायचं असतं. पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरनं चीनमधल्या अमॉय बंदरात १८७० च्या दशकात हे हेरलं. १८८१ मध्ये लंडनला स्टीफन मॅकेन्झी यांनी एका रुग्णाला दिवसा झोपवलं आणि रात्री जागं ठेवलं. काही दिवसांत पिल्लंही उलटली, दिवसा रक्तात येऊ लागली. म्हणजे ती सूर्य पाहत नव्हती, यजमानाचं वेळापत्रक वाचत होती. दक्षिण प्रशांत महासागरातल्या ज्या बेटांवर डास दिवसा चावतो, तिथल्या जंतांनी रात्रीचा हट्ट सोडून दिला आहे.

यामुळेच गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात हत्तीरोग पथकाचं काम जेवणं उरकल्यावर सुरू होतं. आता दिवसा करता येणारी कार्डाची चाचणीही आली आहे, तरी रात्रीच्या रक्तनमुन्यांचं काम संपलेलं नाही. बॅटरीचा झोत, भुंकणारी कुत्री, कडी लावून घेतलेलं दार. आतून आवाज येतो, ‘‘दिवसा या ना जी, रातच्याला काहून?’’ आरोग्य कर्मचारी बाई तेच उत्तर देते जे तिनं आधीच्या बारा घरांत दिलं आहे: जंत दिवसा सापडत नाही, बाबाजी, रात्रीच बाहेर येतो. आजोबा कुरकुरत बाजेवर उठून बसतात आणि बोट पुढं करतात. सुई टोचली जाते, रक्ताचा थेंब काचपट्टीवर गोल फिरवून पसरला जातो. घड्याळात पावणेअकरा झालेले असतात. बाईचं स्वतःचं कॉर्टिसॉल तळाकडे निघालेलं असतं, तिच्या लिम्फोसाइट रक्तात जमू लागलेल्या असतात, आणि तिला उद्या नऊला बाह्यरुग्ण विभागात हजर व्हायचं असतं. ती जांभई दाबते, पट्टीवर नंबर टाकते आणि शेजारच्या घराची कडी वाजवते.